भोवऱ्याचा हिरवा रंग कुठून येतो?

फेब्रुवारी संपत आला की उत्तर अरबी समुद्राचा, म्हणजे ओमान, पाकिस्तान आणि गुजरात यांच्या मधल्या पाण्याचा, उपग्रहाने टिपलेला एखाद्या निरभ्र दिवसाचा फोटो जरूर बघावा. हिरव्या पाण्याचे लांबच लांब पट्टे एकमेकांत गुंतलेले असतात, वळत वळत कुठेतरी गोल होतात, आणि त्या गोलांच्या मध्ये कधी गर्द हिरवं तर कधी अगदी स्वच्छ निळं पाणी दिसतं. एकेका गोलाचा व्यास शंभर-दीडशे किलोमीटर. त्यातल्या मोठ्या गोलात मुंबई आणि पुणे दोन्ही मावतील.

हे समुद्रातले भोवरे. होडी गिळणारा, मध्ये भोक पडलेला भोवरा गोष्टींत असतो. तसं इथे काही नसतं. जहाज यावरून गेलं तरी डेकवर उभ्या असलेल्या माणसाला काही वेगळं दिसत नाही, कारण पाणी फार सावकाश फिरत असतं. व्यास १०० किलोमीटर आणि कडेच्या पाण्याचा वेग सेकंदाला ४० सेंटीमीटर धरला, तर एक फेरी पुरी व्हायला नऊ दिवस लागतात. असे भोवरे कित्येक आठवडे, महिने, काही तर वर्षाहूनही जास्त टिकतात, आणि फिरता फिरता बहुतेक वेळा पश्चिमेकडे सरकत राहतात. अरबी समुद्राच्या अक्षांशांवर हे सरकणं दिवसाला साधारण पाच ते दहा किलोमीटर भरतं.

अशा फोटोंखाली हमखास एक वाक्य वाचायला मिळतं: भोवऱ्यामुळे खालचं पोषक पाणी वर आलं आणि त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावल्या. कधी ते खरं असतं, पुष्कळदा नसतं. रंगावरून आपल्याला कळतं ते एवढंच की भोवऱ्याने पाण्यातल्या वनस्पतींचं काहीतरी केलं आहे. ते काहीतरी निदान चार प्रकारचं असू शकतं, आणि त्यातला फरक ओळखता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी भोवरा कसा टिकतो ते पाहू. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी आपल्या वाटेच्या उजवीकडे कलतं. समजा समुद्रात एका ठिकाणी पातळी आजूबाजूपेक्षा वीतभर खाली आहे. चहूबाजूंचं पाणी त्या खोलगटाकडे निघतं, पण पोचण्याआधी उजवीकडे कलत कलत शेवटी त्याच्याभोवतीच फिरू लागतं, घड्याळाच्या उलट दिशेने. पातळी वीतभर उंच असेल तर नेमकं उलटं: उंचवट्यावरून उतरू पाहणारं पाणी घड्याळाच्या दिशेने फिरतं. दोन्ही प्रकारांत उतार आणि वळण एकमेकांना तोलून धरतात, म्हणून खड्डा पटकन भरत नाही आणि उंचवटा पटकन ओसरत नाही.

वीतभर हा फरक किरकोळ वाटेल. पण समुद्राच्या पोटात त्याचं रूप खूप मोठं असतं. वरचं कोमट पाणी हलकं, खालचं थंड पाणी जड, आणि दोघांच्या घनतेतला फरक जेमतेम तीन-चार हजारांश. त्यामुळे वरच्या पातळीत १० सेंटीमीटरचा खोलगट पडला तर खालच्या थंड पाण्याची सीमा २५ ते ३० मीटर वर उचलली जाते. उंचवटा असेल तर ती तितकीच खाली दबते. म्हणून पहिल्या प्रकाराला थंड गाभ्याचा आणि दुसऱ्याला उबदार गाभ्याचा भोवरा म्हणतात.

आता रंग. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरतो तेव्हा लाल भाग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सर्वांत खोल जातो आणि त्यातला थोडा विखरून परत वर येतो. खुला समुद्र निळा दिसतो तो यामुळे. पाण्यात वनस्पती प्लवक असतील, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती, तर त्यांच्यातलं क्लोरोफिल निळा प्रकाश खाऊन टाकतं. ४४० नॅनोमीटरच्या आसपास त्याची भूक सर्वांत जास्त. हिरव्याला, म्हणजे ५५० च्या आसपासच्या प्रकाशाला, ते फारसं शिवत नाही. उपग्रह या दोन रंगांचं गुणोत्तर मोजतो. निळा घटला आणि हिरवा तसाच राहिला तर प्लवक जास्त. जहाजांवरून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांशी हे गुणोत्तर जुळवून त्याचं क्लोरोफिलच्या प्रमाणात रूपांतर करतात. महासागरांच्या मध्यावरच्या सर्वांत नितळ पाण्यात एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, एक दशांश मिलिग्रॅमही क्लोरोफिल नसतं. भरभराटीच्या काळात तेच प्रमाण काही मिलिग्रॅमवर जातं.

ऐकायला सोपं आहे, पण ही मोजणी अतिशय नाजूक आहे. उपग्रहाच्या डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के भाग समुद्रातून आलेलाच नसतो. तो हवेने आणि हवेतल्या धुळीने विखुरलेला असतो. तो वजा करायचा, आणि उरलेल्या दहा टक्क्यांमधले बारीक फरक वाचायचे. वजाबाकीची युक्ती अशी: डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशात खोल समुद्र जवळजवळ काळा असतो. तिथे जो काही उजेड मिळतो तो हवेचा, असं मानून बाकीच्या रंगांतला हवेचा वाटा काढतात. खुल्या समुद्रात हे छान चालतं. खंबातच्या आखातात किंवा मुंबईलगतच्या गढूळ पाण्यात ते फसतं, कारण तिथला गाळ अवरक्त प्रकाशही परत पाठवतो. म्हणून किनाऱ्याला चिकटून दिसणाऱ्या गडद पट्ट्याला लगेच प्लवक समजू नये.

याची सुरुवात १९७८ मध्ये निम्बस-७ उपग्रहावरच्या एका प्रायोगिक उपकरणाने झाली. १९९७ मध्ये अमेरिकेचा सीविफ्स हा सागर-रंगाचा कॅमेरा वर गेला आणि पहिल्यांदा साऱ्या जगाच्या समुद्राचा रंग वर्षानुवर्षं सलग मिळू लागला. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला. त्याचा कॅमेरा समुद्राचा १,४२० किलोमीटर रुंद पट्टा एका वेळी टिपायचा, ३६० मीटरचा तपशील दाखवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर यायचा. त्या काळात एवढा बारीक तपशील देणारे सागर-रंगाचे कॅमेरे फार थोडे होते, आणि भोवऱ्याच्या कडेचे धागे बघायला हाच तपशील लागतो. पुढे २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ आला. या तिसऱ्याचा कॅमेरा प्रकाश आठऐवजी १३ रंगांत मोजतो.

हिरवं होण्याच्या चार वाटा

पहिली वाट सर्वांना माहीत असलेली. थंड गाभ्याचा भोवरा तयार होताना खालचं पाणी वर उचलतो. वरच्या उजेडाच्या थरात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्यं बहुधा संपलेली असतात आणि खालच्या अंधाऱ्या थरात ती भरपूर असतात. खालचं वर आलं की खत आणि ऊन एकत्र येतात, प्लवक वाढतात. अशा वेळी हिरवा ठिपका भोवऱ्याच्या मध्यावर दिसायला हवा. एक गोष्ट मात्र लोक विसरतात: उचलणं होतं ते भोवरा तयार होताना आणि जोर धरताना. तो नुसता फिरत राहिला तर नवीन खत येत नाही, आणि मावळू लागला की सीमा पुन्हा खाली जाते.

दुसरी वाट आहे ढवळण्याची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. रंगाने माखलेला ब्रश पाण्याच्या भांड्यात बुडवून भांडं हलकेच फिरवलं की रंगाची रेघ लांबत, वळत जाते. रंग वाढलेला नसतो, फक्त पसरलेला असतो. समुद्रातही तेच. उत्तरेकडचं पाणी हिरवं आणि दक्षिणेकडचं निळं आहे असं धरा आणि मध्ये घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा ठेवा. त्याच्या पश्चिम बाजूचं पाणी दक्षिणेकडे वाहतं, म्हणून तिथे हिरवं ओढलं जातं. पूर्व बाजूचं उत्तरेकडे वाहतं, म्हणून तिथे निळं घुसतं. परिणामी अर्धा भोवरा हिरवा आणि अर्धा निळा. एकही नवी पेशी न जन्मता.

या दुसऱ्या वाटेमागे विज्ञानातला एक सुंदर उलगडा आहे. सीविफ्सची माहिती हाती आल्यावर संशोधकांना दिसलं की क्लोरोफिलचे कमी-जास्त पट्टे महासागरांत हळूहळू पश्चिमेकडे सरकतात. रॉस्बी लाटा नावाच्या प्रचंड, संथ लाटा तशाच सरकतात, म्हणून हे त्यांचंच काम असावं असा अर्थ लावला गेला. खालचं खत वर आणणाऱ्या लाटा, अशी कल्पनाही मांडली गेली. पुढे ओरेगॉन स्टेट विद्यापीठातले डडली चेल्टन आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे दहा वर्षांच्या रंगाच्या नोंदी समुद्राच्या पातळीच्या नोंदींशी एकेक भोवरा धरून ताडून पाहिल्या. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचं उत्तर आलं: सरकत होते ते भोवरे, आणि रंगाचा नमुना मुख्यतः त्यांच्या फिरण्याने ओढलेल्या पाण्याचा होता. हजारो भोवऱ्यांची सरासरी काढल्यावर मध्यावर एक गोल ठिपका न येता अर्धं-अर्धं चित्र आलं, आणि ते भोवऱ्याच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे बदलत होतं. एकेक सुटा फोटो बघून हे कधीच कळलं नसतं.

ढवळण्याचं सर्वांत भव्य उदाहरण अरबी समुद्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. नैऋत्य मान्सून सुरू झाला की सोमालियाच्या किनाऱ्यासमोर पाचशे किलोमीटरच्या आसपास व्यासाचा एक भोवरा दरवर्षी तयार होतो. इंग्रज भूगोलतज्ज्ञ अलेक्झांडर फिंडले यांनी १८६६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. त्याला ग्रेट व्हर्ल म्हणतात. तो घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा मध्य उंच आणि उबदार. खत वर आणणारा हा भोवरा नव्हे. पण मान्सूनच्या वाऱ्यांमुळे सोमालियाच्या किनाऱ्याला खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं, तिथे प्लवक वाढतात, आणि ग्रेट व्हर्ल ते हिरवं पाणी आपल्या उत्तरेकडच्या कडेने शेकडो किलोमीटर खुल्या समुद्रात ओढून नेतो. मध्य निळा आणि भोवती हिरवी किनार.

तिसरी वाट: भोवरा पाणी कोंडून घेऊन प्रवास करतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला हैडा ग्वाई बेटांजवळ हिवाळ्यात घड्याळाच्या दिशेने फिरणारे भोवरे सुटतात आणि अलास्काच्या आखाताकडे निघतात. त्यांच्या गाभ्यात किनाऱ्याचं पाणी असतं, आणि त्यात लोह असतं. बाहेरच्या समुद्रात नायट्रेट भरपूर पण लोहाची चणचण, त्यामुळे तिथलं प्लवक उपाशी. भोवरा लोहाची शिदोरी घेऊन येतो आणि वसंतात त्याचा गाभा हिरवा दिसतो. म्हणजे उबदार गाभ्याचा भोवराही मध्यावर हिरवा असू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला लीविन प्रवाहातून सुटणारे उबदार भोवरे तर शेजारच्या थंड भोवऱ्यांपेक्षा जास्त हिरवे असतात. थंड म्हणजे हिरवा आणि उबदार म्हणजे निळा हा नियम पाठ केलेल्या माणसाची इथे पंचाईत होते.

चौथी वाट वाऱ्याची. भोवऱ्यावरून वारा वाहतो तेव्हा एका बाजूचं पाणी वाऱ्याच्याच दिशेने जात असतं, तिथे वाऱ्याचं घर्षण थोडं कमी. समोरच्या बाजूचं पाणी वाऱ्याच्या विरुद्ध, तिथे घर्षण थोडं जास्त. या फरकामुळे घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्याच्या मध्यावर वरचं पाणी बाहेर सरकतं आणि खालचं हळूहळू वर येतं. वेग अगदी कमी, पण वारा आणि भोवरा टिकेपर्यंत हे चालू राहतं. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात डेनिस मॅकगिलिकडी आणि सहकाऱ्यांनी अशा एका भोवऱ्यात डायटम या प्लवकांची मोठी भरभराट मोजली. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चारही वाटा एकाच भोवऱ्यात एकाच वेळी चालू असू शकतात, म्हणून नुसता रंग बघून निकाल देऊ नये. पातळी आणि तापमान शेजारी ठेवावं लागतं. पातळी रडारवाले उपग्रह मोजतात. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३ मध्ये सोडलेला सरल हा त्यातलाच एक. रडारला ढगांची अडचण नसते आणि खड्डा की उंचवटा हे ते सेंटीमीटरांत सांगतं. पण जुने रडार उपग्रह फक्त आपल्या वाटेखालची एक रेघ मोजतात. दोन रेघांमधलं पाणी अंदाजाने भरावं लागतं, आणि शंभर किलोमीटरपेक्षा लहान भोवरे त्यात बऱ्याचदा निसटतात. रंगाचा फोटो मात्र काहीशे मीटरचा धागाही दाखवतो. एकाला फिरण्याची दिशा कळते, दुसऱ्याला बारकावे. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह रेघेऐवजी १२० किलोमीटर रुंद पट्ट्यात पातळी मोजतो, त्यामुळे हिरव्या धाग्यांच्या खाली पाण्याचा उतार कसा आहे तेही आता बघता येऊ लागलं आहे.

जे दिसत नाही

रंगाचा सर्वांत मोठा शत्रू ढग. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर मान्सूनचे ढग असतात, आणि प्लवकांची मोठी वाढ, ग्रेट व्हर्ल, केरळ किनाऱ्यावरचं खालून वर येणारं पाणी, हे सगळं नेमकं तेव्हाच घडतं. ढगांच्या फटींतून मिळालेले तुकडे आठ-आठ दिवसांचे एकत्र करून नकाशे बनवतात. पण आठ दिवसांत भोवरा पन्नास-साठ किलोमीटर सरकू शकतो आणि त्याच्या कडेचे धागे तर पार बदलून जातात. अशा नकाशात बारीक धागे पुसले जातात आणि सौम्य गोळे उरतात. दक्षिण कोरियाने २०१० मध्ये वेगळी वाट धरली: एकाच जागेवर स्थिर राहणाऱ्या उपग्रहावर गोची नावाचा कॅमेरा बसवला, जो आपल्या भोवतालच्या समुद्राचे दिवसातून आठ फोटो घ्यायचा. तासातासाने धागा कुठे सरकला ते बघून थेट प्रवाहाचा वेग काढता येतो. हिंदी महासागरावर असा डोळा असता तर मान्सूनमधल्या ढगांच्या फटी किती कामी आल्या असत्या, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरी मर्यादा खोलीची. अगदी नितळ पाण्यातही उपग्रहाला वरच्या काही दहा मीटरांतलंच दिसतं, आणि गढूळ पाण्यात काही मीटरांतलं. बंगालचा उपसागर याचं ठळक उदाहरण आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी तिथे वर तरंगतं आणि हलक्या पाण्याचं झाकण तयार करतं. ते फोडायला वारा अपुरा पडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. प्रसन्न कुमार आणि सहकाऱ्यांनी जहाजावरून मोजमापं घेऊन २००४ मध्ये दाखवलं की थंड गाभ्याचे भोवरे इथे पोषकद्रव्यं वर उचलतात आणि उत्पादकता वाढवतात. पण उचललेलं पाणी बऱ्याचदा त्या झाकणाखालीच अडतं. प्लवक वाढतात ते पृष्ठभागाखाली, आणि वरून बघणाऱ्या उपग्रहाला समुद्र निळाच दिसतो. तिथे रंग निळा दिसला म्हणून प्लवक नाहीत असंही म्हणता येत नाही. आता क्लोरोफिल आणि नायट्रेट मोजणारी आर्गो फ्लोट नावाची तरंगती स्वयंचलित यंत्रं समुद्रात खालीवर फिरतात आणि हे झाकणाखालचं कळवतात, पण जिथे फ्लोट तिथलंच.

तिसरी गोष्ट: हिरवं कशाचं? लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या उत्तर अरबी समुद्राच्या फोटोतला बराचसा हिरवा रंग नॉक्टिल्युका सिन्टिलान्स या जीवाचा असतो. हा स्वतः वनस्पती नाही. तो इतर प्लवक खातो आणि पोटात हिरव्या शैवालपेशी सांभाळतो. हिवाळ्यात ईशान्येकडून येणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्यांनी वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बुडतं, खालचं खत वर मिसळतं, आणि मग वसंताकडे जाताना याची वाढ होते. भोवरे त्याला गोळा करतात, ताणतात, गुंडाळतात. पूर्वी याच काळात डायटमचं राज्य असायचं. अमेरिकेतल्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतल्या हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि गोव्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या बदलाचा संबंध वर येणाऱ्या कमी-ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. कारणाबद्दल इतर संशोधकांचं वेगळं मत आहे आणि वाद चालू आहे. परिणाम मात्र मच्छीमारांच्या जिव्हाळ्याचा: नॉक्टिल्युका खाणारे प्राणी मुख्यतः जेलीसारखे, माशांच्या साखळीत त्याचा उपयोग कमी. गडद हिरवा नकाशा म्हणजे भरलेली जाळी नव्हे.

म्हणूनच समुद्राची माहिती पुरवणारी हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे मिळण्याच्या संभाव्य जागांच्या सूचना देताना नुसता हिरवेपणा बघत नाही. रंग आणि तापमान जिथे थोड्या अंतरात झपाट्याने बदलतात त्या सीमा शोधते. भोवऱ्यांच्या कडा अशा सीमा असतात. तिथे दोन पाणी एकमेकांना लागतात, वरचं तरंगतं खाद्य एकत्र येतं आणि मागोमाग मासे. रत्नागिरी किंवा मालवणच्या बंदरात पोचणाऱ्या सूचनेत एखादी जागा आणि खोली दिलेली असते, तिच्यामागे बरेचदा असा एखादा भोवरा असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर गेलेला नासाचा पेस उपग्रह आठ-दहा रंगांऐवजी अतिनील ते अवरक्तपर्यंतचा प्रकाश दर पाच नॅनोमीटरला मोजतो. डायटम, नॉक्टिल्युका आणि इतर प्लवक निळा-हिरवा प्रकाश थोड्या वेगळ्या ठिकाणी खातात, त्यामुळे किती हिरवं याबरोबर कोणाचं हिरवं हेही सांगण्याची शक्यता त्यातून आली आहे.

हे फोटो कोणालाही मोफत बघता येतात. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर तारीख निवडली की पुरे. सुरुवात जानेवारी ते मार्चमधल्या उत्तर अरबी समुद्रापासून करावी, आकाश मोकळं असतं. एखादा हिरवा गोल सापडला की आधी त्याचा मध्य बघा: हिरवा मध्ये आहे, कडेला आहे, की अर्ध्यात? मग चार-पाच दिवसांनंतरचा फोटो उघडा आणि तोच गोल शोधा. हिरवा पट्टा लांबून पातळ झाला असेल तर ढवळण्याकडे बोट जातं. मध्य आणखी गडद झाला असेल तर खालून काहीतरी येतंय किंवा आधीच आत कोंडलेलं वाढतंय. दोहोंपैकी काय, हे ठरवायला त्याच दिवसाचा समुद्राच्या पातळीचा नकाशा लागेल. तिथे खड्डा आहे की उंचवटा ते बघा, आणि गोल कुठून आला ते मागच्या महिन्याच्या फोटोंमध्ये पूर्वेकडे शोधत जा.